मातांचे कैवारी डॉ. इग्नाझ सेमेलवाइस

आपल्या घराण्यांच्या वंशावळी चाळल्या असता एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. एकाच पूर्वजाच्या नावापुढे दोन, क्वचित तीन पत्नींची नावे आढळतात. आणि वडीलधाऱ्यांस विचारावे तो पहिली बाळंतपणात गेली, असे उत्तर मिळते. मूल होऊन दोन-तीन दिवस लोटतात न लोटतात तोच बाळंतिणीस ताप भरावा, पोटात असह्य वेदना सुरू व्हाव्यात आणि थोड्याच दिवसांत सारे संपावे, अशा रीतीने किती माता गेल्या याची गणती नाही. या सूतिकाज्वरास आळा घालण्याचा साधा उपाय ज्यांनी आकड्यांनिशी सिद्ध केला, त्या डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांचे चरित्र ज्ञातिबांधवांपुढे, आणि विशेषतः भगिनींपुढे, ठेवताना आम्हांस धन्यता वाटते.

सेमेलवाइस यांचा जन्म १ जुलै १८१८ रोजी हंगेरीतील बुडा येथे एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी झाला. कायदा शिकण्यासाठी ते व्हिएन्नास गेले; परंतु लवकरच वैद्यकाकडे वळून १८४४ मध्ये पदवीधर झाले. १८४६ च्या जुलैत तेथील मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात, प्रा. योहान क्लाइन यांच्या हाताखाली, पहिल्या प्रसूतिविभागात साहाय्यक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

या रुग्णालयात दोन प्रसूतिविभाग होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. स्त्रियांना एक दिवस एका विभागात, तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्यात दाखल करून घेत. १८४६ साली पहिल्या विभागात ४,०१० प्रसूतींमागे ४५९ माता दगावल्या. दुसऱ्यात ३,७५४ प्रसूतींमागे १०५. ही वार्ता शहरभर पसरलेली असल्यामुळे गोरगरीब स्त्रिया पहिल्या विभागात नेऊ नये म्हणून गुडघे टेकून विनवण्या करीत. वाटेतच प्रसूत होऊन मग दाखल झालेल्या स्त्रियांना हा ज्वर क्वचितच होई, हे तर अधिकच विलक्षण होते.

मोठमोठे वैद्य दूषित हवेस दोष देत. कोणी गर्दीकडे बोट दाखवीत. परंतु हवा दोन्ही विभागांस सारखीच होती आणि गर्दी दुसऱ्यातच अधिक असे. सेमेलवाइस यांनी एकेक कारण पारखून बाजूस सारले. मरणासन्न स्त्रीकडे जाणाऱ्या धर्मगुरूच्या घंटेच्या धास्तीने ज्वर येतो, अशीही एक समजूत होती. म्हणून त्यांनी ती घंटाही बंद करविली. मृत्यू थांबले नाहीत.

१८४७ च्या मार्चमध्ये त्यांचे मित्र प्रा. याकोब कोलेचका निवर्तले. शवविच्छेदनाच्या वेळी एका विद्यार्थ्याच्या हातून त्यांच्या बोटास सुरी लागली होती. त्यांच्या मृत्यूचा अहवाल वाचताना सेमेलवाइस यांस बाळंतिणींच्या मृतदेहांत आढळणारीच लक्षणे दिसली आणि कोडे उलगडले. विद्यार्थी व डॉक्टर शवविच्छेदन करून थेट प्रसूतिविभागात येत आणि त्याच हातांनी स्त्रियांची तपासणी करीत. सुइणींचा शवविच्छेदनाशी संबंधच नव्हता. साबणाने हात धुतले तरी प्रेताची दुर्गंधी जात नसे.

मेच्या मध्यास त्यांनी क्लोरीनच्या पाण्यात, व पुढे ब्लीचिंग पावडरीच्या पाण्यात, हात धुतल्यावाचून कोणीही बाळंतिणीस स्पर्श करू नये, असा दंडक घातला. एप्रिलमध्ये शेकडा १८ माता दगावल्या होत्या. जूनमध्ये ते प्रमाण शेकडा दोनच्या आसपास आले. १८४८ च्या मार्च व ऑगस्टमध्ये पहिल्या विभागात एकही माता दगावली नाही.

या यशातच एक दारुण दुःख दडलेले होते. सेमेलवाइस स्वतः मोठ्या निष्ठेने शवविच्छेदन करीत असत. आपल्याच हातांनी किती माता मृत्युमुखी पडल्या असतील याची त्यांस जाणीव झाली, आणि ती त्यांनी पुढे आपल्या ग्रंथात उघडपणे कबूल केली. हा कबुलीचा प्रामाणिकपणा आम्हांस त्यांच्या शोधाइतकाच थोर वाटतो. बहुतेक समव्यवसायी मात्र, आपले हात मृत्यूचे वाहक ठरतात, हे मानावयास तयार झाले नाहीत. १८४९ मध्ये त्यांची मुदत वाढविली गेली नाही आणि १८५० मध्ये व्हिएन्ना सोडून ते पेस्टला परतले. तेथील सेंट रोखुस रुग्णालयात सहा वर्षांत ९३३ प्रसूतींमागे अवघ्या आठ माता सूतिकाज्वराने गेल्या.

त्यांच्या हातूनही चुका घडल्या. आपला शोध त्यांनी वर्षानुवर्षे नीट लिहून काढला नाही. ग्रंथ निघाला तो १८६० च्या सुमारास. पुढे संतापाच्या भरात विरोधकांस जाहीर पत्रांतून खुनी म्हणण्यापर्यंत त्यांची मजल गेली. १८६५ च्या जुलैअखेर मन बिघडल्यामुळे त्यांस व्हिएन्नातील वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आले. तेथे जखम चिघळून, रक्तात विष पसरून, १३ ऑगस्ट रोजी वयाच्या ४७ व्या वर्षी त्यांचा अंत झाला. ज्या विषापासून त्यांनी मातांस वाचविले, त्याच प्रकारच्या विषाने त्यांचा बळी घेतला! त्याच महिन्यात ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर यांनी जखमेवर कार्बोलिक आम्लाचा प्रयोग आरंभिला. आणि १८७९ मध्ये लुई पाश्चर यांनी सूतिकाज्वराचे जंतू दाखवून दिले. आता बुडापेस्टचे वैद्यकीय विद्यापीठ सेमेलवाइस यांचेच नाव धारण करते.

आज आपल्या लेकीसुना रुग्णालयात सुखरूप प्रसूत होतात, यामागे या उपेक्षित पुरुषाची तपश्चर्या आहे. तथापि जगातील मातांच्या मृत्यूंच्या प्रमुख कारणांतून प्रसूतीनंतरचा जंतुसंसर्ग अद्याप गेलेला नाही. म्हणून आमचे सांगणे इतकेच की, बाळंतिणीच्या खोलीत जाताना घरच्या वडीलधाऱ्यांपासून पाहुण्यांपर्यंत सर्वांनी प्रथम हात धुवावेत. तपासावयास येणाऱ्यास त्याविषयी विचारण्यात संकोच बाळगू नये. आणि प्रसूतीनंतर ताप आल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता तत्काळ डॉक्टरांकडे जावे. येत्या पिढीच्या वंशावळीत बाळंतपणात गेली असे सांगण्याचा प्रसंग कोणावरही न येवो, हीच या महात्म्यास आमची श्रद्धांजली होय.