पदवीविना प्राध्यापक : योहान वोल्फगांग डोबेरायनर

आपल्या कुटुंबांतील दहावीच्या विद्यार्थ्यांस डोबेरायनर हे नाव परिचित आहे. तीन तीन मूलद्रव्यांची त्रिके पाठ करावी, एखादा गुण पदरात पाडून घ्यावा आणि पुढील विषयाकडे वळावे, एवढाच तो परिचय असतो. वस्तुतः त्रिके ही या गृहस्थांच्या कार्याची केवळ एक शाखा होय. ज्या पदार्थाच्या नुसत्या सान्निध्याने इतर पदार्थांत रासायनिक बदल घडून येतो आणि जो स्वतः मात्र खर्ची पडत नाही, अशा पदार्थास उत्प्रेरक म्हणतात. या उत्प्रेरणाच्या विद्येचा पाया ज्यांनी घातला त्यांत डोबेरायनर अग्रभागी होते. आणि हवेत कोणता वायू किती आहे हे ओळखण्याकरिता त्याच गुणाचा उपयोग त्यांनी करून दाखविला.

त्यांचा जन्म १३ डिसेंबर १७८० रोजी जर्मनीतील फ्रँकोनिया प्रांतात, होफ या गावाच्या परिसरात झाला. वडील दुसऱ्याच्या शेतीवाडीवर गाडीवान व कामगार म्हणून राबत. शाळेचे शिक्षण जेमतेम झाले. परंतु मुलाची बुद्धी आईने ओळखली होती. १७९४ साली म्युन्शबर्ग येथील एका औषधशाळेत त्यास उमेदवारीस ठेवण्यात आले. औषधे कुटणे, अर्क काढणे, वजन करणे, हीच त्यांची प्रयोगशाळा. पुढे गावोगावच्या औषधशाळांतून नोकरी करीत ते स्ट्रासबुर्ग येथे पोहोचले आणि तेथे कामातून उरलेल्या वेळात त्यांनी रसायनशास्त्र, खनिजशास्त्र व परकीय भाषा यांचा अभ्यास केला.

१८०३ च्या सुमारास ते मायदेशी परतले, विवाह केला आणि गेफ्रेस या लहान गावी रासायनिक द्रव्यांचा छोटा कारखाना काढला. माल चांगला निघे. पण औषधशाळा चालविण्याची सनद त्यांजपाशी नव्हती आणि प्रतिस्पर्धी व्यापाऱ्यांनी त्यांस टिकू दिले नाही. धंद्याची दारे सनदेने बंद असणे म्हणजे काय, हे आपल्या वाडवडिलांस कोणी समजावून सांगावयास नको होते! त्यानंतर कापड विरंजनाचा उद्योग झाला, मद्यनिर्मितीच्या कारखान्याची व्यवस्था पाहणे झाले. काहीच स्थिरावले नाही. १८१० साली पत्नी व मुलेबाळे यांसह ते जवळजवळ निष्कांचन झाले होते.

या सर्व धकाधकीत त्यांनी एक गोष्ट सोडली नव्हती. आपल्या प्रयोगांचे वृत्तान्त ते शास्त्रीय नियतकालिकाकडे पाठवीत असत. त्याचे संपादक गेहलेन यांनी त्यांस प्रत्यक्ष सहवासाने नव्हे, तर लेखनाने ओळखले होते. येना विद्यापीठातील रसायनशास्त्राची जागा रिकामी होताच त्यांनी वायमारचे ड्यूक कार्ल आउगुस्ट यांजकडे डोबेरायनरांची शिफारस केली. विद्यापीठाचा कारभार पाहणारे मंत्री होते महाकवी गटे, आपल्या कालिदासाच्या शाकुंतलावर लुब्ध झालेले तेच गटे. अशा रीतीने ज्याने विद्यापीठाची एकही परीक्षा दिली नव्हती, तो तीस वर्षांच्या आतला मनुष्य १८१० मध्ये प्राध्यापक झाला! पदवी विद्यापीठाने मागाहून दिली. वेतन तुटपुंजे होते. गटे मात्र त्यांचे स्नेही झाले, आणि वयाने व मानाने एवढे थोर असूनही त्यांजकडून रसायनशास्त्र समजावून घेत राहिले.

आता मुख्य शोधाकडे वळू. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र ठेवले तरी साध्या उष्णतामानास ते एकमेकांशी संयोग पावत नाहीत. त्यांस ठिणगी लागते. १८२३ च्या जुलैच्या अखेरीस डोबेरायनरांनी स्पंजासारखे सच्छिद्र केलेले प्लॅटिनम या वायूंच्या संपर्कात आणले. बाहेरून उष्णता न देता संयोग घडला व पाणी तयार झाले. काही दिवसांतच त्यांनी हायड्रोजनचा बारीक झोत हवेतून त्या प्लॅटिनमवर सोडून पाहिला. धातू तापून लाल झाला, मग शुभ्र झाला आणि वायूने पेट घेतला. ही वार्ता त्यांनी प्रथम गटे यांस कळविली. थोड्याच आठवड्यांत पॅरिस येथे थेनार व द्युलाँ यांनी तो प्रयोग पडताळून पाहिला.

या शोधातून एक दिवा निघाला. काचेच्या भांड्यात सौम्य गंधकाम्ल, त्यात उपडे ठेवलेले दुसरे लहान भांडे आणि त्याच्या आत टांगलेला जस्ताचा तुकडा. तोटी उघडली की आतील हायड्रोजन प्लॅटिनमवर जाऊन पेटे. तोटी बंद केली की नव्याने साचणारा वायू आम्लास जस्तापासून खाली लोटी आणि क्रिया आपोआप थांबे. काड्यापेटी अद्याप प्रचारात यावयाची होती, लोक चकमक झाडीत होते. त्या काळी असे हजारो दिवे खपले. गटे यांच्या घरीही तो होता. परंतु डोबेरायनरांनी त्याचे एकस्व घेतले नाही; पैसा इतरांनी मिळविला. हा त्याग थोर खरा, तथापि ज्यांचे घर पूर्वी दोनदा बुडाले होते त्यांनी थोडा व्यवहार पाहिला असता तर तो दोष ठरला नसता, असे आम्हांस वाटते.

त्या दिव्याइतकाच महत्त्वाचा, परंतु कमी गाजलेला, असा दुसरा उपयोग आहे. प्लॅटिनम चिकणमातीत कालवून त्याच्या लहान गोळ्या करावयाच्या आणि तपासावयाच्या वायूत त्या सोडावयाच्या. समजा, हवेचे शंभर भाग घेऊन त्यांत हायड्रोजनचे पन्नास भाग मिसळले. गोळीच्या योगाने ऑक्सिजनच्या एका भागाशी हायड्रोजनचे दोन भाग संयोग पावून पाणी होईल, आणि एकंदर आकारमान सुमारे त्रेसष्टांनी घटेल. त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे एकवीस, हे हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण! पूर्वी हे काम विजेच्या ठिणगीने करीत. पण ज्वलनशील वायू फारच थोडा असला की ठिणगी निष्फळ ठरे. प्लॅटिनम तेथेही काम करी. पुढे १८२४ मध्ये एडिनबरोचे टर्नर व मँचेस्टरचे विल्यम हेन्री यांनी दाखविले की कार्बन मोनॉक्साइड, इथिलीन यांसारखे वायू मिसळले असता प्लॅटिनमच्या क्रियेस अडथळा येतो. अर्थात हा धातू सर्व वायूंशी सारखा वागत नाही, आणि या भेदातूनही वायूंची पारख करता येते. विसाव्या शतकात कोळशाच्या खाणींतील ज्वलनशील वायू शोधण्याकरिता जी यंत्रे झाली, त्यांत प्लॅटिनमच्या तारेभोवती उत्प्रेरकाचा मणी असतो. मण्यावर वायू जळला की तार तापते व तिचा विद्युत्-रोध वाढतो. त्या मण्याचे मूळ येना येथील मातीच्या गोळीत शोधावे लागते.

प्लॅटिनममुळे असे का घडते, याची उपपत्ती मात्र डोबेरायनरांस साधली नाही. हा विद्युत्-घटासारखा प्रकार असावा, असा त्यांचा तर्क होता. तो टिकला नाही. १८३० नंतरच्या दशकात स्वीडनचे बर्झेलियस यांनी अशा सर्व क्रिया एकत्र करून त्यांस उत्प्रेरण हे नाव दिले, तेव्हा डोबेरायनरांचे प्रयोग त्यांच्या आधारभूत उदाहरणांत होते.

अध्यापक म्हणून त्यांचे वैशिष्ट्य असे की, विद्यार्थ्यांनी स्वतः प्रयोग करावेत यावर त्यांचा भर असे. रुंगे नावाचा त्यांचा एक शिष्य बेलाडोना वनस्पतीचा अर्क मांजराच्या डोळ्यात घालून बाहुली विस्फारते का ते पाही. विष ओळखण्याची ही एक युक्तीच म्हणावयाची. डोबेरायनरांनी ती हकीकत गटे यांच्या कानी घातली. १८१९ मध्ये रुंगे मांजर घेऊन त्यांजकडे गेला, आणि परतताना गटे यांनी तपासण्यासाठी दिलेले कॉफीचे दाणे घेऊन आला. त्यांतूनच त्याने कॅफीन वेगळे काढले.

त्रिकांचा विचार १८२९ साली प्रसिद्ध झाला. क्लोरीन, ब्रोमीन व आयोडीन यांत मधल्याचा अणुभार शेजारच्या दोहोंच्या सरासरीच्या जवळ येतो, हे त्यांनी दाखविले. मेंडेलेव्ह यांची सारणी त्यानंतर चाळीस वर्षांनी आली.

इतर विद्यापीठांनी त्यांस बोलाविले, पण ते येना सोडून गेले नाहीत. २४ मार्च १८४९ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले.