ताराबाई मोडक : मुलांच्या अंगणात गेलेली शाळा

शाळेच्या आठवणी माझ्यापेक्षा चांगल्या लिहिणारे आपल्या बॅचमध्ये पुष्कळ आहेत. मी एकतीस वर्षं अंगणवाड्यांच्या खात्यात काढली, म्हणून लहान मुलांविषयी लिही, असं संपादक मंडळाने सुचवलं. नोकरीतल्या हकिगती सांगत बसले तर स्मरणिका पुरायची नाही, आणि त्यातल्या निम्म्या तर रजिस्टरं भरण्याच्याच आहेत. त्यापेक्षा ज्या बाईंमुळे ही अंगणवाडी जन्माला आली त्यांच्याविषयी लिहावं असं वाटलं. त्याला एक निमित्तही आहे. स्नेहमेळाव्याच्या निधीतून शाळेत पूर्वप्राथमिक वर्ग सुरू करायचा विचार चालू आहे हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. तो वर्ग कसा असावा यावर ग्रुपवर बरीच खडाजंगी झाली. ताराबाई मोडकांनी हीच खडाजंगी आपल्याआधी ऐंशी वर्षं, आणि तीही स्वतःशीच, केली होती.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. माहेरच्या त्या केळकर. घरात प्रार्थना समाजाचं सुधारकी वातावरण होतं, त्यामुळे मुलगी शिकली, आणि १९१४ साली मुंबई विद्यापीठाची पदवीधर झाली. त्या काळी बाई पदवीधर होणं म्हणजे काय, हे आपल्या आज्यांचं शिक्षण आठवलं की कळतं. लग्न होऊन त्या अमरावतीला गेल्या. नवरा वकील. संसार फार वर्षं टिकला नाही. १९२१ च्या सुमारास लहान मुलीला घेऊन त्या वेगळ्या झाल्या आणि स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. राजकोटला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य म्हणून त्यांना मानाची, पगाराची जागा मिळाली. दुसरं कोणी असतं तर तिथेच निवृत्त झालं असतं.

पण घरात लहान मूल होतं आणि त्याला वाढवायचं कसं हा प्रश्न होता. शिकलेली बाई असल्यामुळे त्याचं उत्तर त्यांनी पुस्तकांत शोधलं. त्याच सुमारास भावनगरला गिजुभाई बधेका दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर चालवत होते. गिजुभाई मूळचे वकील. त्यांनाही मुलाच्या जन्मानंतरच मॉन्टेसोरीची पुस्तकं हाताशी आली होती. १९२० साली सुरू झालेल्या त्या बालमंदिरात मार नव्हता, बक्षीस नव्हतं, परीक्षा नव्हती. मुलं आपल्या मनाने काम निवडत, आणि मोठी माणसं त्यांच्याकडे लक्ष ठेवत. ताराबाईंनी प्राचार्यपद सोडलं आणि १९२३ मध्ये त्या भावनगरला दाखल झाल्या. पुढची नऊ-दहा वर्षं दोघांनी मिळून काम केलं. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, शिक्षण पत्रिका निघाली. ती आधी गुजरातीत होती आणि पुढे मराठीतही आली. मराठी पत्रिकेचा भार ताराबाईंवर होता. आईबापांना समजेल अशा साध्या भाषेत बालमानसशास्त्र लिहिणं हे तेव्हा नवीनच होतं.

मग त्या मुंबईला आल्या आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाला. बालवर्ग आणि शिक्षिकांचं प्रशिक्षण असं दोन्ही एकाच ठिकाणी होतं. नाव झालं, मध्यमवर्गीय घरांतली मुलं येऊ लागली. इथपर्यंतची गोष्ट म्हणजे एका चांगल्या शिक्षणतज्ज्ञ बाईंचं चरित्र. मला त्या खऱ्या अर्थाने मोठ्या वाटतात त्या यानंतर.

मॉन्टेसोरीची साधनं तुमच्यापैकी ज्यांची नातवंडं अशा वर्गांत जातात त्यांनी पाहिली असतील. रंधा मारलेले लाकडी ठोकळे, ठरावीक मापाचे दट्टे, गुळगुळीत मनोरे. सुंदर असतात आणि महाग असतात. मूल शिकतं कसं, याबद्दल ताराबाईंना शंका उरली नव्हती. ज्यांना याची सगळ्यांत जास्त गरज आहे त्यांच्यापर्यंत हे पोचतं का, एवढाच सवाल होता. दादरला बसून तर ते पोचणार नव्हतं. १९४५ च्या डिसेंबरात, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या मुंबई सोडून बोर्डीला गेल्या आणि तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी त्या भागात वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला होता, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या कुठे गेल्या होत्या याची कल्पना येईल. सोबत अनुताई वाघ होत्या. वय पस्तीस, बालपणीच वैधव्य आलेलं, पुण्यातली शाळेची नोकरी सोडून आलेल्या. पुढचं सगळं काम या दोघींचं आहे, आणि ते वेगवेगळं करून सांगणं अवघड आहे.

बोर्डीत बालवाडी निघाली. पण वस्तीवरची, ज्यांच्यासाठी हे सारं मांडलं होतं ती मुलं येईनात. त्यांनी यावं तरी कसं? आई पहाटेच कामावर गेलेली, अंगावर कपडा नाही, डोक्यात उवा, हातापायांना खरूज, आणि गावातल्या बालवाडीत आपल्याला बसू देतील का याची भीती. इथे बहुतेक संस्था पालकांना दोष देऊन मोकळ्या होतात. मी हे पाहिलेलं आहे, आणि बैठकीत तसे शेरे लिहून घेतलेलेही आहेत. ताराबाईंनी उलट केलं. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीने मुलाच्या अंगणात जायचं असं ठरलं. दलित वस्तीतलं एखादं अंगण झाडून घ्यायचं, मुलांना गोळा करायचं, आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे आणि तिथेच खेळ मांडायचा. आंघोळ हाच पहिला धडा. अंगणवाडी हा शब्द असा, झाडलेल्या अंगणातून आला.

साधनंही बदलली. बोर्डीला समुद्र आहे, तेव्हा शंख-शिंपले फुकट. चिंचोके, बिया, गोटे, काड्या, पानं, करवंट्या. मोजायला, जुळवायला, लहान-मोठं ओळखायला लाकडी ठोकळ्यांनी जे साधतं ते याने साधतं. मात्र एक सांगते, हे नुसतं स्वस्तात भागवणं नव्हतं. चिंचोके कोणीही आणील. ते कोणत्या वयाच्या मुलापुढे, कशासाठी आणि कधी मांडायचे हे कळायला भावनगरची दहा वर्षं पाठीशी लागतात. खात्यात असताना मी खेळणी कपाटात कुलूपबंद असलेल्या अंगणवाड्या पाहिल्या आहेत आणि चार बाटल्यांच्या झाकणांवर तासभर रंगलेली मुलंही पाहिली आहेत. दोन्हींतला फरक म्हणजे तिथली सेविका.

१९५७ मध्ये त्या दोघी बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, पूर्णपणे वारल्यांच्या मुलखात. ताराबाई तेव्हा पासष्टीच्या. तिथे नवीनच अडचण दिसली. मोठी मुलं गुरं राखायला जात आणि मुलींच्या कडेवर धाकटं भावंडं असे. मग गुरांच्या मागे कुरणातच शाळा गेली, तीच कुरणशाळा. गुरं चरताहेत आणि झाडाखाली मुलं शिकताहेत. मुलीने शाळेत यायला हवं तर कडेवरच्या बाळाची सोय हवी, म्हणून शाळेला लागून पाळणाघर. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, तिचं नाव विकासवाडी. आपण या सगळ्याला आज लांबलचक सरकारी नावं देतो. तिथे ते एका मुलीच्या कडेवरच्या बाळापासून सुरू झालं.

मधल्या काळात ताराबाई मुंबई विधानसभेत होत्या, १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. त्याचं त्यांना फार अप्रूप असावं असं त्यांच्या कामाच्या दिनक्रमावरून तरी वाटत नाही.

आता आपल्या निधीकडे वळते. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे, तेव्हा शाळेने पूर्वप्राथमिक वर्ग काढावा हे योग्यच. पण समितीच्या यादीत मोठा पडदा आहे, रंगीत बाकं आहेत, प्रवेशासाठी मुलाखत आहे. तीन वर्षांच्या पोराची मुलाखत! यादीत मदतनीस बाईचा पगार नाही, शिक्षिकेच्या प्रशिक्षणाचा खर्च नाही, आणि शाळेमागच्या वीटभट्टीवरची मुलं कशी येणार याचा उल्लेखही नाही. पडदा तीन वर्षांत बंद पडेल. त्याच पैशात दोन बायांचा काही वर्षांचा पगार, वाळूचा हौद, पाण्याचा नळ आणि भट्टीवर रोज सकाळी दोन तास भरणारा एक वर्ग होऊ शकतो. बाकं काढून टाका आणि सतरंज्या घ्या, हे माझं म्हणणं मी समितीला लेखी दिलं आहे. आपल्या शिक्षकांपैकी जे मेळाव्याला येतील त्यांनीही यावर बोलावं अशी विनंती आहे, त्यांच्या शब्दाला अजून वजन आहे. प्रशिक्षण द्यायला मी आठवड्यातून दोन दिवस विनामूल्य येईन.

ताराबाई ३१ ऑगस्ट १९७३ रोजी गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना तेहतीस प्रकल्पांत सुरू केली, आणि त्यातल्या गावोगावच्या केंद्राला नाव मिळालं अंगणवाडी. देशभरच्या पाट्यांवर तो शब्द चढला तो त्यांना पाहायला मिळाला नाही. कोसबाडला अनुताई होत्या. पुढची एकोणीस वर्षं, १९९२ मध्ये जाईपर्यंत, त्या टेकडीवरच राहिल्या आणि वाडीवस्तीवरच्या मुलांचं काम करत राहिल्या.