विल्यम केरी : विश्वव्यापी मिशनकार्य आणि मराठी भाषाव्यवहार

अव्वल इंग्रजी कालखंडातील मराठी गद्याचा विचार करताना विल्यम केरी यांचे नाव सामान्यतः दोन ग्रंथांपुरते घेतले जाते : 1805 चे मराठी व्याकरण आणि 1810 चा मराठी-इंग्रजी कोश. महाराष्ट्राच्या भूमीवर ज्याचे कार्य कधीच झाले नाही, अशा एका बंगालनिवासी मिशनऱ्याने हे ग्रंथ का आणि कसे सिद्ध केले, हा प्रश्न मात्र त्यांच्या संपूर्ण चरित्राकडे पाहिल्याखेरीज उलगडत नाही. दुसऱ्या बाजूने, प्रॉटेस्टंट मिशनकार्याच्या जागतिक इतिहासात केरी यांना आद्य प्रवर्तकाचे स्थान दिले जाते. तेथे त्यांचे मराठीविषयक कार्य तळटीपेत जाते. या दोन प्रतिमा वास्तविक एकाच उद्योगाच्या दोन बाजू आहेत.

केरी यांचा जन्म 17 ऑगस्ट 1761 रोजी इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टनशर परगण्यातील पॉलर्सपरी या खेड्यात झाला. वडील एडमंड हे विणकर होते. पुढे ते गावच्या शाळेत शिक्षक आणि चर्चचे कारकून झाले. शाळेनंतर विल्यम जोडे शिवण्याचे काम शिकू लागले आणि या व्यवसायावरच त्यांची तरुणपणाची वर्षे गेली. कामाच्या जागी पुस्तक उघडे ठेवून त्यांनी लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू या भाषा बव्हंशी स्वप्रयत्नाने आत्मसात केल्या. 1781 मध्ये डॉरोथी प्लॅकेट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. 1783 मध्ये त्यांनी बाप्टिस्ट पंथाचा बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर मोल्टन येथे शाळा चालवीत आणि जोडे शिवीत ते तेथील लहान मंडळीचे पाळक झाले. 1789 मध्ये ते लेस्टरला गेले.

या काळात कॅप्टन कुक यांच्या सागरप्रवासांची वृत्ते त्यांच्या वाचनात आली. भूगोल हा त्यांच्या चिंतनाचा विषय बनला आणि त्यातून 1792 मध्ये त्यांची एक पुस्तिका प्रसिद्ध झाली. ख्रिस्ती धर्माचा जगभर प्रसार करण्यासाठी ख्रिस्ती जनांनी प्रत्यक्ष साधने योजणे हे कर्तव्य आहे की नाही, या प्रश्नाची चर्चा तीत आहे. धर्मप्रसार ईश्वर आपल्या वेळी घडवून आणील, माणसाने त्यात हस्तक्षेप करू नये, असे मानणारा एक प्रबळ मतप्रवाह तत्कालीन बाप्टिस्टांत होता. त्याला केरी यांनी दिलेले उत्तर जितके धर्मशास्त्रीय आहे तितकेच सांख्यिकीय आहे. पुस्तिकेत देशोदेशींचे क्षेत्र, लोकसंख्या आणि धर्म यांची कोष्टके दिली आहेत. जगाची लोकसंख्या सुमारे 73 कोटी 10 लाख धरून तीपैकी 42 कोटी मूर्तिपूजक, 13 कोटी मुसलमान, 10 कोटी कॅथलिक आणि 4 कोटी 40 लाख प्रॉटेस्टंट असा त्यांचा अंदाज होता. हे आकडे आज संशोधनाच्या दृष्टीने ग्राह्य नाहीत. परंतु धर्मप्रसाराकडे संपूर्ण पृथ्वीच्या परिमाणात, मोजमाप करून पाहण्याची पद्धत त्यांनी रूढ केली, आणि मिशनकार्याची प्रगती आकड्यांनी मांडण्याची पुढील सर्व परंपरा याच मार्गाने गेली.

2 ऑक्टोबर 1792 रोजी केटरिंग येथे बाप्टिस्ट मिशनरी संस्थेची स्थापना झाली. त्या दिवशी जमलेल्या वर्गणीचे वचन 13 पौंड 2 शिलिंग 6 पेन्स इतके होते. अँड्र्यू फुलर हे संस्थेचे चिटणीस झाले. पहिले कार्यकर्ते म्हणून डॉ. जॉन टॉमस आणि केरी यांची निवड झाली. डॉरोथी प्रथम येण्यास तयार नव्हत्या. प्रवास लांबणीवर पडला तेव्हा, धाकटी बहीण सोबत येणार या अटीवर, त्या नवजात अर्भकासह निघाल्या. कंपनी सरकारचा परवाना नसल्यामुळे डॅनिश जहाजाने प्रवास करून हे कुटुंब नोव्हेंबर 1793 मध्ये कलकत्त्यास पोहोचले.

पहिली वर्षे अत्यंत कष्टाची गेली. 1794 पासून केरी यांनी उत्तर बंगालमधील मदनावती येथे निळीच्या कारखान्याची व्यवस्था पाहिली आणि रामराम बसू यांच्या साहाय्याने बंगालीचा अभ्यास व बायबलचे भाषांतर चालविले. त्याच वर्षी पाच वर्षांचा मुलगा पीटर मरण पावला. डॉरोथी यांचे मन या आघातातून सावरले नाही. 1807 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या मनोरुग्ण अवस्थेत, बव्हंशी बंद खोलीत राहिल्या. शेजारच्या खोलीत पती भाषांतर करीत असे. केरी यांच्या गौरवपर चरित्रांतून हा भाग दीर्घकाळ दोन-तीन वाक्यांत आटोपला गेला. विश्वव्यापी कार्याची किंमत कोणी आणि कोणाच्या संमतीने मोजली, हा प्रश्न या चरित्रातून वगळता येत नाही.

1800 च्या आरंभी केरी कलकत्त्याजवळील श्रीरामपूर या डॅनिश वसाहतीत आले. कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांना मज्जाव असल्याने डॅनिश गव्हर्नरांचा आश्रय निर्णायक ठरला. मुद्रक विल्यम वॉर्ड आणि शिक्षक जोशुआ मार्शमन हे सहकारी लाभले. तिघांची कुटुंबे एकत्र राहत आणि प्रत्येकाची मिळकत सामाईक निधीत जमा होई. डिसेंबर 1800 मध्ये कृष्ण पाल या सुताराचा बाप्तिस्मा झाला. केरी यांना हिंदुस्थानात येऊन तेव्हा सात वर्षे झाली होती. 1801 मध्ये बंगाली नवा करार छापून निघाला.

त्याच वर्षी त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण मिळाले. लॉर्ड वेलस्ली यांनी कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांसाठी 1800 मध्ये स्थापन केलेल्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरी यांची बंगालीचे अध्यापक म्हणून नेमणूक झाली. संस्कृत आणि पुढे मराठी हे विषयही त्यांच्याकडे आले. 1802 अखेरचा वसईचा तह आणि 1803 पासूनचे इंग्रज-मराठा युद्ध यांमुळे मराठी जाणणाऱ्या अधिकाऱ्यांची कंपनीला निकड भासू लागली होती. मराठीच्या अध्यापनास 1804 च्या सुमारास आरंभ होतो, तो या राजकीय पार्श्वभूमीवर. केरी यांच्या मराठीविषयक कार्याचा उगम असा दुहेरी आहे : कॉलेजला पाठ्यपुस्तके हवी होती आणि मिशनला भाषांतर हवे होते. अध्यापनाचे वेतन आरंभी दरमहा 500 रुपये आणि पुढे 1000 रुपये होते. त्यातील अल्प भाग स्वतःसाठी ठेवून उरलेले श्रीरामपूरच्या निधीत जाई. ज्या कंपनीने मिशनला विरोध केला तिच्याच वेतनावर मिशनचे मुद्रणकार्य पोसले गेले.

1805 मध्ये मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. गोव्यातील पोर्तुगीज धर्मप्रसारकांचे व्याकरणप्रयत्न त्याआधीचे आहेत. परंतु इंग्रजीतून मराठीचे व्याकरण मांडणाऱ्या ग्रंथांत हा सर्वात आरंभीचा होय. याच सुमारास मत्तयकृत शुभवर्तमान मराठीत निघाले आणि 1811 मध्ये नवा करार पूर्ण झाला. 1810 चा कोश मोडी लिपीच्या खिळ्यांनी छापला गेला. पुढे सिंहासनबत्तिशी, हितोपदेश आणि राजा प्रतापादित्याचे चरित्र ही पुस्तकेही श्रीरामपूरच्या छापखान्यातून मोडीत बाहेर पडली. मोडीची निवड व्यवहारदृष्ट्या सयुक्तिक होती, कारण अधिकाऱ्यांना जे कागद वाचावयाचे होते ते मोडीतच असत. मात्र मराठी मुद्रणाचा प्रवाह पुढे मुंबईत बालबोधाकडे वळला आणि श्रीरामपूरची ही पुस्तके वाचकांच्या दृष्टीआड गेली.

या सर्व कार्यात पंडित वैजनाथ यांचा वाटा मूलभूत होता. फोर्ट विल्यम कॉलेजातील ते प्रमुख मराठी पंडित. त्यांच्या साहाय्याची नोंद केरी यांनी स्वतः केली आहे. मराठी प्रदेशात न राहिलेल्या माणसाला या भाषेचा जो परिचय झाला तो प्रामुख्याने वैजनाथांच्या मुखातून. त्यामुळेच या मराठीवर नागपूरकडील बोलीची छाया आणि रचनेत परकेपणा आढळतो, असा आक्षेप अभ्यासकांनी घेतला. 1813 मध्ये मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनीही श्रीरामपूरच्या भाषांतरावर विसंबून न राहता आपले स्वतंत्र भाषांतर हाती घेतले. मोल्सवर्थ यांचा 1831 चा कोश प्रसिद्ध झाल्यावर केरी यांचा कोश मागे पडला. एका अर्थी हे अपयश आहे. परंतु मराठीचे शब्द वर्णक्रमाने छापून त्यांचे अर्थ देता येतात, तिच्या रूपांची कोष्टके मांडता येतात आणि तिचे पुस्तक खिळ्यांनी छापता येते, हे त्या ग्रंथांनी दाखवून दिले होते. पंचानन कर्मकार व त्यांचे जामात मनोहर यांच्यासारख्या कारागिरांशिवाय हेही शक्य झाले नसते.

11 मार्च 1812 रोजी छापखान्याला आग लागली. कागदाचा साठा, अनेक भाषांचे खिळे आणि केरी यांच्या बहुभाषिक कोशाचे हस्तलिखित भस्मसात झाले. खिळे ओतण्याचे साचे वाचले, म्हणून काही महिन्यांतच काम पुन्हा सुरू होऊ शकले. इंग्लंडमध्येही नुकसानभरपाईची रक्कम थोड्याच अवधीत जमली. हस्तलिखित मात्र पुन्हा उभे राहिले नाही. 1818 मध्ये श्रीरामपूर कॉलेजची स्थापना झाली. तेथे कोणत्याही जातिधर्माच्या विद्यार्थ्याला प्रवेश होता. 1827 मध्ये डेन्मार्कच्या राजाने त्यास पदव्या देण्याची सनद दिली. त्याच वर्षी मालमत्तेच्या आणि अधिकाराच्या वादातून केरी व सहकारी हे इंग्लंडमधील मातृसंस्थेपासून विभक्त झाले. 1829 मध्ये सतीबंदीचा कायदा झाला तेव्हा त्याचे बंगाली भाषांतर केरी यांनी रविवारचे प्रवचन दुसऱ्यावर सोपवून तातडीने केले; विलंबाने जीव जातील, याची त्यांना जाणीव होती. वनस्पतिशास्त्र हा त्यांचा आजन्म व्यासंग. सह्याद्रीच्या रानात आढळणाऱ्या कुंभ्याच्या शास्त्रीय नावात रॉक्सबर्ग यांनी केरी यांचे नाव गुंफले आहे. 9 जून 1834 रोजी श्रीरामपूर येथे त्यांचे निधन झाले. 1793 नंतर ते मायदेशी एकदाही परतले नव्हते.

केरी यांच्या हयातीतच मिशनकार्याचा विस्तार झपाट्याने झाला. लंडन मिशनरी सोसायटी (1795), चर्च मिशनरी सोसायटी (1799), ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटी (1804) आणि अमेरिकन बोर्ड (1810) या संस्था त्यांच्या पुस्तिकेनंतरच्या दोन दशकांतच उदयास आल्या. 1806 मध्ये केरी यांनी सर्व पंथांच्या मिशनऱ्यांची परिषद 1810 मध्ये केप ऑफ गुड होप येथे भरवावी आणि ती दर दहा वर्षांनी व्हावी, अशी सूचना केली. फुलर यांनी ती अव्यवहार्य ठरविली. बरोबर शंभर वर्षांनी, 1910 मध्ये, एडिंबरो येथे जागतिक मिशनरी परिषद भरली. तेथे हिंदुस्थानातून आलेले व्ही. एस. अझरिया यांनी पाश्चात्त्य मिशनऱ्यांकडून मैत्रीची अपेक्षा व्यक्त केली. विसाव्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती जनांची बहुसंख्या आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेत आली. केरी यांच्या कोष्टकांत जे देश केवळ कार्यक्षेत्र होते, तेथूनच आता मिशनरी इतरत्र जातात.

या स्थित्यंतराचे श्रेय एका व्यक्तीला देणे अनैतिहासिक होईल. तरीही त्याचा एक धागा श्रीरामपूरच्या कार्यपद्धतीत सापडतो. बंगालमध्ये केरी यांच्या हयातीत झालेल्या धर्मांतरांची संख्या त्यांच्या आरंभीच्या अपेक्षांच्या तुलनेत अल्पच होती. ग्रंथ मात्र लोकभाषेत गेला, आणि भाषा ज्यांची होती त्यांच्या हाती त्याचा अर्थ लावण्याचा अधिकारही कालांतराने आला. मराठीत हे बाबा पद्मनजी आणि नारायण वामन टिळक यांच्या लेखनातून प्रत्ययास येते. श्रीरामपूरच्या अवघडलेल्या मराठीपासून टिळकांच्या अभंगवाणीपर्यंतचे अंतर शतकभराचे आहे. ते अंतर मराठी भाषकांनी कापले. केरी आणि वैजनाथ यांनी त्याच्या आरंभीचे साहित्य पुरविले. मराठी वाङ्मयेतिहासात केरी यांचे स्थान याच मर्यादेत, परंतु निश्चितपणे, नोंदवावे लागते.