विश्लेषण : पुण्याच्या मैदानावर घडलेले बाळू पालवणकर कर्णधार का होऊ शकले नाहीत?

भारताने पहिला कसोटी सामना खेळला तो १९३२ मध्ये, लॉर्ड्सवर. त्याच्या २१ वर्षे आधी इंग्लंडच्या एका दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणारा एक डावखुरा फिरकीपटू भारताकडे होता. पुण्यात खेळपट्टीवर रोलर फिरवता फिरवता तो गोलंदाजी शिकला होता. त्याचे नाव बाळू बाबाजी पालवणकर. धावफलकावर त्यांची नोंद पी. बाळू अशी होई. भारतीय क्रिकेटमधला पहिला थोर गोलंदाज म्हणून आज त्यांचे नाव घेतले जाते. मात्र ज्या संघाला त्यांनी मोठे केले, त्या संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. असे का झाले?

बाळू पालवणकर पुण्यात कसे आले?

पालवणकर कुटुंब मूळचे कोकणातील पालवणचे, आडनाव गावावरून आलेले. समाज चर्मकार, म्हणजे त्या काळी अस्पृश्य मानला गेलेला. बाळू यांचा जन्म १८७० च्या दशकाच्या मध्यात धारवाडला झाला. वडील लष्कराच्या नोकरीत होते आणि त्या निमित्ताने कुटुंब पुण्यात स्थिरावले. पुणे तेव्हा ब्रिटिश फौजेचे मोठे ठाणे होते. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडूंवर बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम यांनी हात साफ करून घेतला. पुढे गणपत आणि विठ्ठल हे भाऊही मोठे क्रिकेटपटू झाले. एकाच घरातले चार भाऊ वरच्या दर्जाचे क्रिकेट खेळले, असे उदाहरण आपल्याकडे विरळाच.

बाळू यांची पहिली नोकरी पुण्यातल्या एका पारशी क्रिकेट क्लबात होती. काम खेळपट्टी झाडण्याचे आणि रोलर फिरवण्याचे, पगार महिना तीन रुपये. सभासदांना सरावासाठी अधूनमधून चार चेंडू टाकायचे. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले. तिथे पगार एका रुपयाने वाढला आणि कामही वाढले. जाळ्या उभ्या करायच्या, खेळपट्टी आखायची, टेनिसच्या कोर्टांवर रेषा मारायच्या, हे सगळे त्यांच्याकडे.

गोलंदाजी कुणी शिकवली?

प्रशिक्षक असा कुणी नव्हता. पूना क्लबातल्या एका इंग्रज सभासदाने त्यांना जाळीत गोलंदाजी करायला लावले, आणि हा पोरगा वेगळा आहे हे लवकरच इतरांच्याही ध्यानात आले. त्यांच्यातला सर्वात महत्त्वाचा फलंदाज म्हणजे कॅप्टन जे. जी. ग्रेग. त्या काळात हिंदुस्थानात खेळणाऱ्या युरोपियनांत ग्रेग यांच्या तोडीचा फलंदाज क्वचितच होता. (हेच ग्रेग पुढे लष्कर सोडून कॅथलिक धर्मगुरू झाले.) ते इतरांच्या तासभर आधी मैदानावर येत आणि बाळू यांच्या गोलंदाजीवर सराव करीत. बाद केले की दर वेळी आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. महिना चार रुपये पगार असलेल्या तरुणाला आठ बळींत महिन्याची कमाई. या हिशेबाने चेंडूचा टप्पा सुधारला नसता तरच नवल!

या सरावात एक गोष्ट मात्र कधीच घडली नाही. वर्षानुवर्षे गोऱ्यांना हजारो चेंडू टाकूनही जाळीत बाळू यांच्या हाती कुणी बॅट दिली नाही. फलंदाजी साहेबांनी करायची आणि घाम गाळून गोलंदाजी मजुरांनी करायची, ही विभागणी इंग्लंडमधूनच आली होती. आपल्याकडे तिला जातीची जोड मिळाली, इतकेच.

बाळू मंदगती डावखुरी फिरकी टाकत. चेंडू दोन्ही बाजूंना वळवणे, वेग कमी-जास्त करणे, उंची देऊन फलंदाजाला पुढे खेचणे या गोष्टी त्यांना साधल्या होत्या. तेव्हा खेळपट्ट्या झाकत नसत. पाऊस पडून गेला आणि ऊन आले की ओलसर माती चेंडू पकडे. अशा खेळपट्टीवर त्यांना खेळणे मुश्कील होई. माती कधी काय करते हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती, कारण तीच माती त्यांनी वर्षानुवर्षे दाबली होती.

एकाच संघात असूनही चहा वेगळा का?

पुण्यातल्या हिंदू क्लबाला गोऱ्यांच्या पूना क्लबाला हरवायचे होते. त्यासाठी लागणारा गोलंदाज त्याच शहरात होता, पण तो अस्पृश्य होता. क्लबातल्या तेलुगू सभासदांचा त्याला घेण्याकडे कल होता, तर मराठी ब्राह्मण सभासदांपैकी अनेकांचा विरोध होता. असा गोलंदाज न घेणे हा मूर्खपणा ठरेल, असे मत खुद्द ग्रेग यांनी जाहीरपणे दिले होते, असे सांगितले जाते. शेवटी विजयाची ओढ सोवळ्यापेक्षा मोठी ठरली आणि बाळू संघात आले.

आले, पण ते फक्त मैदानापुरते. त्यांनी टाकलेला चेंडू सगळे हाताळत. चहाची वेळ झाली की इतरांना कपबशी मिळे, बाळू यांना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा. तोंड धुवायचे तर कोपऱ्यात उभे राहायचे आणि पाणी अस्पृश्य नोकरानेच ओतायचे. जेवणाचे ताट वेगळे, टेबल वेगळे.

हिंदू संघ पूना क्लबाविरुद्ध जिंकला. मग साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याशी सामना ठरला. बाळू यांची फिरकी बोथट व्हावी म्हणून यजमानांनी खेळपट्टीवर कित्येक दिवस रोलर फिरवला, असे सांगतात. बाळू यांनी तरीही सात बळी घेतले. त्यानंतरच्या एका सभेत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी हिंदू खेळाडूंना कानपिचक्या दिल्या. ज्याच्याबरोबर खेळता, त्याच्याबरोबर खाण्यापिण्यात अडचण कसली, असा त्यांचा सवाल होता. पुढे लोकमान्य टिळकांनीही एका समारंभात बाळू यांचा गौरव केला. रानडे आणि टिळक यांचे सामाजिक प्रश्नांवर किती पटत असे, हे पुणेकरांना सांगायला नको. या एका गोलंदाजाच्या बाबतीत मात्र दोघे एका बाजूला दिसतात.

मुंबईत काय बदलले?

१८९६ नंतर प्लेगच्या साथीने पुणे-मुंबईत हाहाकार उडवला. त्याच काळात बाळू यांनी पुणे सोडले आणि ते मुंबईला गेले. तिथे आधी लष्करात आणि नंतर बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत त्यांना काम मिळाले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यातल्या प्रवेशाला काही सभासदांनी आक्षेप घेतला, पण कर्णधार कीर्तिकर ठाम राहिले आणि प्रवेश झाला. मुंबईच्या जिमखान्यात बाळू आणि शिवराम इतरांच्या पंगतीला बसू लागले. पुण्याला जे जमले नव्हते ते मुंबईने केले, याची नोंद तेव्हाच्या सुधारक वृत्तपत्रांनीही घेतली.

त्या काळात मुंबईतले मोठे क्रिकेट धर्माच्या नावाने चाले. युरोपियन आणि पारशी संघ आधीपासून एकमेकांशी भिडत होते. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघ प्रथमच युरोपियनांसमोर उभा राहिला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या, तर युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ धावांत आटोपले. हिंदूंचा विजय १०९ धावांनी. सामन्यात बाळू यांनी आठ बळी घेतले, त्यांतले पाच दुसऱ्या डावात. बंगालच्या फाळणीने आणि स्वदेशीच्या चळवळीने वातावरण तापलेले असताना साहेबाला त्याच्याच खेळात हरवल्याचा आनंद देशभर झाला.

बाळू यांची प्रथम श्रेणीतील कारकीर्द याच मोसमात सुरू होते. तेव्हा त्यांचे वय तिशीच्या घरात होते. फिरकीपटूच्या उमेदीची वर्षे जाळीत आणि स्थानिक सामन्यांत गेली, त्यातल्या बळींची मोजदाद कुठेच नाही. त्यांचे आकडे वाचताना हे विसरून चालणार नाही.

१९११ च्या दौऱ्यात त्यांनी काय केले?

पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली १९११ मध्ये पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघात पारशी, हिंदू आणि मुस्लीम खेळाडू धर्मवार वाटणीने घेतलेले होते. महाराजांचे लक्ष क्रिकेटपेक्षा मेजवान्यांकडे आणि राजदरबारातल्या समारंभांकडे अधिक होते. प्रथम श्रेणीचे १४ सामने झाले, त्यांतले १० संघ हरला आणि फक्त दोन जिंकला, लेस्टरशायर आणि सॉमरसेटविरुद्ध.

अशा संघाकडून खेळताना बाळू यांनी दौऱ्यात एकूण ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. त्यांपैकी ७५ बळी प्रथम श्रेणीचे. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत आठ बळी, ही त्यांची सर्वोत्तम कामगिरी. खांद्याच्या दुखापतीने ते बेजार होते, तरी टाकत राहिले, कारण दुसऱ्या टोकाला त्यांच्या तोलाचा कुणी नव्हता. परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराच्या मानपत्रात एका तरुण विद्यार्थ्याचा पुढाकार होता, असे मानले जाते. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर.

कर्णधारपदाचा वाद काय होता?

मुस्लीम संघ आल्यावर १९१२ पासून स्पर्धा चौरंगी झाली. तोवर बाळू हिंदू संघातले सर्वात अनुभवी आणि सर्वात यशस्वी खेळाडू होते. तरीही दरवर्षी कर्णधारपद दुसऱ्याकडेच जाई. एम. डी. पै यांना ते मिळाले, तेव्हा हा मान ज्येष्ठतेने बाळू यांचा होता असे पै यांनीच जाहीर सत्कारात सांगितले. चहाचे भांडे वेगळे ठेवणे सोडायला लोक तयार झाले होते. मात्र कर्णधार करायचे म्हणजे त्याचा हुकूम ऐकायचा. तिथे सुधारणेची गाडी अडली.

१९२० मध्ये प्रकरण हातघाईवर आले. पै आजारी होते. पहिल्या सामन्यासाठी बाळू यांना वगळण्यात आले आणि कर्णधारपद पुण्याच्या दि. ब. देवधरांना देण्यात आले. देवधर उत्तम फलंदाज होते, त्यांच्याबद्दल वाद नव्हता. पण विठ्ठल त्यांच्यापेक्षा वयाने आणि अनुभवाने ज्येष्ठ होता. शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून माघार घेतली आणि त्याचे कारण वृत्तपत्रातून जाहीर केले. हा जातीचा अपमान आहे, असे त्यांनी उघड म्हटले. अस्पृश्यतेच्या प्रश्नाने तेव्हा राष्ट्रीय राजकारणात जोर धरला होता. वृत्तपत्रांकडे भावांच्या बाजूने पत्रे येऊ लागली.

अंतिम सामन्याआधी तडजोड झाली. पै कर्णधार, बाळू उपकर्णधार आणि दोघे भाऊ परत संघात. सामना सुरू असताना पै मैदानाबाहेर गेले, तेवढा वेळ बाळू यांनी संघ चालवला. कर्णधारपदाचा त्यांचा अनुभव तेवढाच. त्याच मोसमात त्यांची प्रथम श्रेणीतील कारकीर्द संपली : ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१.

१९२३ मध्ये विठ्ठलला हिंदू संघाचा कर्णधार करण्यात आले आणि त्या वर्षी त्याच्या संघाने युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. मोठ्या भावाने उभे केलेले भांडण धाकट्याच्या कामी आले.

आंबेडकरांशी मतभेद का झाले?

निवृत्तीनंतर बाळू राजकारणात उतरले. अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ हवेत ही डॉ. आंबेडकरांची मागणी ब्रिटिशांनी मान्य केली आणि गांधीजींनी सप्टेंबर १९३२ मध्ये येरवडा तुरुंगात उपोषण सुरू केले. मद्रासचे नेते एम. सी. राजा यांच्यासह बाळू यांनी आंबेडकरांची भेट घेऊन तडजोडीचा आग्रह धरला. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले, पण प्रांतिक कायदेमंडळांतील राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या. करारावर सह्या करणाऱ्यांत बाळू यांचेही नाव आहे. ज्या शहरात त्यांनी चार रुपयांवर रोलर ओढला, तिथेच नदीपलीकडच्या तुरुंगात हे घडले.

हिंदू समाजाच्या आत राहून, त्याच्यातल्या सुधारकांना बरोबर घेऊन बदल होईल, यावर बाळू यांचा विश्वास होता. त्यांच्या आयुष्यात काही प्रमाणात तसे घडलेही होते. आंबेडकरांना तो वेग आणि ती दया दोन्ही मान्य नव्हती. मानपत्र आणि सत्काराने सुरू झालेले नाते १९३७ मध्ये मतपेटीपर्यंत आले. मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत भायखळा-परळ भागातून काँग्रेसने आंबेडकरांविरुद्ध बाळू यांना उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते मिळाली, बाळू यांना ११,२२५. पराभव २,०२० मतांचा. चार वर्षांपूर्वी मुंबई महापालिकेच्या निवडणुकीत ते हिंदू महासभेकडून उभे राहिले होते, तिथेही हरले होते.

पुढची वर्षे त्यांनी मुंबईतच काढली. १९४८ मध्ये विठ्ठलने आपले आत्मचरित्र मराठीत प्रसिद्ध केले. त्या घरातल्या क्रिकेटची हकिगत आज बरीचशी त्याच्यामुळेच कळते. बाळू यांनी स्वतः असे काही लिहून ठेवले नाही. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि सांताक्रूझला त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.