बंदूक हाती असूनही : लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात

परदेशात शांतिरक्षणासाठी गेलेल्या सैनिकाची खरी कसोटी लढाईत लागत नाही. समोरचा जमाव धमकावीत असता संयम कोठवर राखावा आणि शस्त्र केव्हा उचलावे, हे ठरविण्यात ती लागते. ही कसोटी एका मराठी सेनापतीने कोरियात दिली.

शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांचा जन्म १९०६ साली कोल्हापूर भागातील वडगाव येथे झाला. इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात शिक्षण घेऊन १९२६ मध्ये ते सैन्याधिकारी झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातील कांगाव येथे त्यांनी पंजाब रेजिमेंटच्या पलटणीचे नेतृत्व केले व त्याबद्दल त्यांना डी. एस. ओ. हे शौर्यपदक लाभले.

२७ जुलै १९५३ रोजी कोरियात युद्धविराम झाला. परंतु मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या २२,००० हून अधिक चिनी व कोरियन युद्धकैद्यांचा प्रश्न उरला. त्यासाठी पाच राष्ट्रांचा आयोग नेमण्यात आला. जनरल थिमय्या त्याचे अध्यक्ष होते, तर कैद्यांच्या रक्षणार्थ गेलेल्या भारतीय सेनेचे प्रमुख थोरात होते.

धमक्यांना प्रारंभापासूनच तोंड द्यावे लागले. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी भारतीय सैनिकांस आपल्या भूमीवर पाऊल ठेवण्यास मज्जाव केला. तेव्हा त्यांना इंचॉनच्या समुद्रातील जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. छावण्यांतही दहशत होती. घरी जाऊ इच्छिणाऱ्या कैद्यांस त्यांच्यातीलच म्होरके धाक घालीत. काहींचे खूनही झाले. तरीही कित्येक जण जिवावर उदार होऊन भारतीय पहारेकऱ्यांच्या आश्रयास येत.

सप्टेंबरमध्ये चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल यांना कुंपणाआड पकडून ठेवले. गोळीबाराची आज्ञा देणे थोरात यांना सहज शक्य होते. पण मग ग्रेवाल यांचे प्राण वाचणे कठीण होते आणि कैद्यांचाही संहार झाला असता. ते स्वतः त्या प्रक्षुब्ध जमावात गेले. धमकीला उत्तर म्हणून त्यांनी धमकी दिली नाही. पाहुण्याचा मान राखणाऱ्या चिनी परंपरेची त्यांनी कैद्यांना आठवण करून दिली आणि आपले साधे आतिथ्यही होऊ नये याविषयी खेद दर्शविला. हळूहळू क्षोभ ओसरला, बोलणे सुरू झाले आणि ग्रेवाल यांची सुटका झाली.

प्रत्येक प्रसंग असा निभावला नाही. ऑक्टोबरच्या आरंभी कैदी उसळले असता भारतीय सैनिकांस गोळीबार करावा लागला व काही कैदी मृत्यू पावले. संयम म्हणजे शस्त्राचा पूर्ण त्याग नव्हे. मात्र अन्य सर्व उपाय थकल्यावाचून ते उचलावयाचे नाही, ही मर्यादा थोरात यांनी आपल्या सेनेस घालून दिली होती.

२० जानेवारी १९५४ रोजी २१,००० हून अधिक कैदी संयुक्त राष्ट्रांच्या सेनेकडे परत सोपविण्यात आले. कोणत्याही पक्षाकडे जाण्यास तयार नसलेले ८८ जण भारतीय सैनिकांसोबत भारतात आले. कोरियातील कामगिरीसाठी थोरात यांना अशोक चक्र, वर्ग २ हा सन्मान मिळाला. पुढे त्यालाच कीर्ती चक्र हे नाव देण्यात आले.

पूर्व विभागाचे सेनापती म्हणून १९५९ मध्ये त्यांनी ईशान्य सीमेवरील चिनी धोक्याचा इशारा दिला होता. त्याकडे दुर्लक्ष झाले आणि १९६२ मध्ये देशास त्याची किंमत मोजावी लागली. १९९२ साली त्यांचे निधन झाले. कोरियात त्यांनी कोणताही प्रदेश जिंकला नाही. हजारो परक्या माणसांना आपला मार्ग निवडता यावा म्हणून त्यांनी पहारा दिला, आणि त्या पहाऱ्यात स्वतःच्या रागालाही आवर घातला.