क्रमवारीचे गणित मांडणारा : जॉन फॉन नॉयमान

परीक्षेचा निकाल असो, ग्रंथालयाची सूची असो वा मतदारांची यादी असो. नावे आणि क्रमांक ओळीने लावल्यावाचून कशाचाच उपयोग होत नाही. हे काम कारकुनी समजले जाते. परंतु आधुनिक संगणकाचा आराखडा मांडणाऱ्या गणितज्ञाने आपल्या नियोजित यंत्राची कसोटी पाहण्यासाठी नेमके हेच काम निवडले होते, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

जॉन फॉन नॉयमान ह्यांचा जन्म २८ डिसेंबर १९०३ रोजी बुडापेस्ट येथे एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात झाला. वडील बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. मुलाची गणितातील बुद्धी असामान्य. पण नुसत्या गणितावर पोट भरत नाही, ही सर्व देशांतील वडिलांची समजूत तेथेही होतीच! तेव्हा झुरिचला रसायन अभियांत्रिकी आणि बुडापेस्टला गणितातील डॉक्टरेट असा दुहेरी अभ्यास त्यांनी १९२६ मध्ये पुरा केला. १९३० मध्ये ते अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले व तेथलेच झाले. पुंजयामिकी, खेळांचा सिद्धांत, अणुबाँब ह्यांपैकी प्रत्येकातील त्यांच्या कामावर स्वतंत्र लेख होईल. येथे तो मोह आवरलेला बरा.

१९४४ च्या उन्हाळ्यात रेल्वेच्या फलाटावर त्यांची हर्मन गोल्डस्टाइन ह्यांच्याशी गाठ पडली आणि फिलाडेल्फियात तयार होत असलेल्या एनिअॅक यंत्राची वार्ता त्यांना कळली. पुढचे यंत्र एडव्हॅक. त्याच्या रचनेचा अहवाल १९४५ मध्ये एकट्या नॉयमान ह्यांच्या नावाने फिरला. एकर्ट आणि मॉक्ली ह्या मूळ अभियंत्यांची नावे त्यावर नव्हती. हा त्यांच्यावर अन्यायच झाला, असे म्हणणे भाग आहे.

एडव्हॅक आकडेमोडीसाठी योजलेले. क्रमवारी लावताना मात्र बेरीज-वजाबाकीपेक्षा तुलना आणि निर्णय लागतो. यंत्राच्या आज्ञा त्यालाही पुरतील काय? हे पाहण्यासाठी त्याच वर्षी नॉयमान ह्यांनी शाईने २३ पाने लिहून काढली. पुढे एडव्हॅकची रचना बदलली. हस्तलिखित मात्र टिकले आणि डोनाल्ड कनूथ ह्यांनी १९७० मध्ये त्यावर लेख लिहून ते उजेडात आणले.

त्यातील युक्ती अशी. उत्तरपत्रिकांचे दोन गठ्ठे आधीच क्रमाने लावलेले असले, तर दोहोंच्या वरच्या पत्रिका पाहावयाच्या, लहान क्रमांकाची उचलावयाची, पुन्हा पाहावयाचे. दोन गठ्ठ्यांचा एक होतो. सुरुवातीला एकेक पत्रिका हाच एक गठ्ठा मानला, की दोनाचे, चाराचे, आठाचे असे गठ्ठे वाढत जातात. एक हजार पत्रिकांत प्रत्येकीची प्रत्येकीशी तुलना केली, तर जवळजवळ पाच लक्ष तुलना होतील; ह्या रीतीने दहा फेऱ्यांत, दहा हजारांच्या आत काम संपते.

पोस्टग्रेस ह्या मुक्तस्रोत माहितीकोशात आजही हीच रीत आहे. माहिती स्मृतीत मावली नाही, तर तिचे क्रमाने लावलेले तुकडे डिस्कवर ठेवून मग ते एकमेकांत मिसळतात. २०२२ च्या पंधराव्या आवृत्तीत मिसळण्याची जुनी, चुंबकीय फितींच्या काळातील गुंतागुंतीची पद्धत काढून साधी पद्धत घातली गेली. मुळातील मिसळणे तसेच राहिले.

१९५५ मध्ये नॉयमान ह्यांना कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. वॉशिंग्टनच्या लष्करी रुग्णालयात शरीराच्या वेदनांहून बुद्धी क्षीण होत असल्याची जाणीव त्यांना अधिक छळत होती. मुलगी मरीना भेटीस आली, की सात आणि चार किती, असली बेरीज आपल्याला घालावयास ते तिला सांगत. काही मिनिटे ती घाली; मग तिला ते सहन होईना व ती खोलीबाहेर जाई. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.