निराधारांचे गाडगेबाबा

आदिलाबादच्या पुढे पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो आणि त्याच्या पलीकडे अमरावती. आपल्यापैकी कितीतरी घरांची सोयरीक, कुलदैवत आणि बोलीतला गोडवा त्या वाटेनेच उटनूरला आला. बाजारात तेलुगू आणि गोंडी, घरात मराठी, असे आपल्या पिढ्यांचे चालत आले. आता मात्र बऱ्याच घरांत एक नवी काळजी आहे. मुले शिक्षणाला आणि नोकरीला हैदराबाद, नागपूर, पुण्याला गेली. मागे राहिलेल्या आजी-आजोबांचे पुढे कसे, हा विषय निघाला की वृद्धाश्रम हा शब्द तोंडी येतो आणि ऐकणारा गप्प होतो. देवाच्या नावाने निराधारांसाठी घरे उभी करावीत कशी आणि चालवावीत कशी, हे ज्यांच्या आयुष्यातून समजते त्या संत गाडगेबाबांचे स्मरण म्हणूनच या स्मरणिकेत करावेसे वाटले.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. घर परीट समाजातले. वडील दारूच्या व्यसनात गेले तेव्हा डेबू लहान होता. आई सखुबाई त्याला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी आली. मामाकडे डेबूने गुरे राखली, नांगर धरला. शाळेचे तोंड पाहिले नाही, पण शेतीत तो तरबेज झाला. पुढे सावकाराच्या कागदांनी मामाची जमीन गिळली. न वाचता केलेला अंगठा माणसाला कसा बुडवतो, हे त्याने जवळून पाहिले. कीर्तनात बाबा कर्ज, दारू आणि अडाणीपणावर इतके तुटून का पडत, याचे उत्तर या दोन घटनांत आहे.

लग्न लहानपणीच कुंताबाईंशी झाले. मुलीच्या बारशाला जातीच्या रीतीप्रमाणे मटण आणि दारूची पंगत घालायची होती. डेबूने गोडाधोडाचे जेवण वाढले. भाऊबंद रागावले, पण तो बधला नाही.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे डेबूने घर सोडले. अंगावर फाटके कपडे, हातात काठी आणि मातीचे फुटके गाडगे. त्या गाडग्यात भाकरी घ्यायची आणि त्यातच पाणी प्यायचे. लोकांनी त्यावरूनच नाव ठेवले. गावात शिरले की आधी रस्ता झाडायचा, कुणाच्या घरी जेवण मिळाले तर आधी लाकडे फोडून द्यायची, असा त्यांचा नेम होता. फुकट खायचे नाही. रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन व्हायचे. वऱ्हाडी बोलीत ते समोरच्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घेत. देवळात नवस फेडणाऱ्याच्या घरी म्हातारे आईबाप उपाशी असतील तर तो नवस कुठे पोचतो, हा त्यांच्या कीर्तनाचा नेहमीचा रोख असे.

येथे मनात एक शंका येते. ज्यांनी इतरांच्या आईबापांची काळजी वाहिली, ते स्वतःची आई, बायको आणि लेकरे मागे ठेवून निघाले होते. त्या ओझ्याचा मोठा वाटा सखुबाई आणि कुंताबाई यांनी उचलला. बाबांचे चरित्र सांगताना हे झाकू नये. १९२३ मध्ये कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली, तरी कीर्तन थांबले नाही. कुणाला हे वैराग्य वाटेल, कुणाला कठोरपणा. मात्र पुढे संस्था उभ्या राहिल्या तेव्हा बाबांनी घरच्यांना त्यांच्यावर कोणताही हक्क दिला नाही. त्यागाचा मोबदला नंतर मागच्या दाराने वसूल केला नाही.

संस्थांची सुरुवात पूर्णा नदीकाठी ऋणमोचनला झाली. यात्रेकरू चिखलातून पाण्यात उतरत, घसरत. बाबांनी श्रमदानाने आणि वर्गणीने तेथे घाट बांधून घेतला. यात्रेत येणारे आंधळे, पांगळे आणि कुष्ठरोगी हेच त्यांचे पहिले मानकरी. ते त्यांना जेवू घालत, कपडे देत, कुष्ठरोग्यांना स्वतःच्या हाताने आंघोळ घालत. ज्यांच्या जवळ कुणी बसत नव्हते त्यांच्या शेजारी ते बसले.

मग धर्मशाळा उभ्या राहत गेल्या. पंढरपूरला वारीत आलेल्या अस्पृश्य वारकऱ्यांना निवारा मिळत नव्हता, म्हणून तेथे चोखामेळा धर्मशाळा झाली. नाशिक, देहू, आळंदी, मूर्तिजापूर येथेही धर्मशाळा झाल्या. नाशिकला अंध-अपंगांसाठी सदावर्त सुरू झाले. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ, गावाकडून आलेल्या रुग्णांच्या नातलगांसाठी निवारा झाला. शाळा, वसतिगृहे, गोरक्षणाच्या जागा वेगळ्याच. हे सारे निरक्षर माणसाने उभे केले. व्यापारी आणि शेतकरी त्यांना पैसे देत, कारण दिलेला पैसा विटा-चुन्यात दिसत असे.

या कामाची रीत पाहिली की बाबांचे नेतृत्व कळते. धर्मशाळा बांधून झाली तरी बाबा आत राहत नसत. बाहेर झाडाखाली किंवा गोठ्याच्या कडेला मुक्काम करत. पाया पडू देत नसत. आपला कुणी शिष्य नाही आणि आपण कुणाचे गुरू नाही, हे ते ठासून सांगत. त्यामुळे त्यांच्या मागे गादी उरली नाही, वारसाचे भांडण उरले नाही. धडधाकट माणसाने काम केल्याशिवाय खाऊ नये असा त्यांचा दंडक होता. थकलेल्याला, आंधळ्याला, आजाऱ्याला मात्र जात न विचारता पान वाढले जाई आणि त्यात उपकाराचा सूर नसे. भुकेल्याला अन्न आणि बेघराला आसरा हाच देवधर्म, अशी त्यांची धर्माची व्याख्या होती.

त्यांना संस्था सोडताही येत होती. १९४९ मध्ये पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली, कारण तेथे मुले शिकतील तर वास्तूचे सार्थक अधिक होईल असे त्यांना वाटले. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या शिक्षणकार्यालाही त्यांचा आधार होता. १९५४ मध्ये कऱ्हाडला निघालेल्या महाविद्यालयाला भाऊरावांनी बाबांचे नाव दिले. फेब्रुवारी १९५२ मध्ये श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली आणि पसरलेल्या कामाची जबाबदारी एका व्यक्तीवरून विश्वस्तांकडे गेली. आपल्यानंतरही पंगत बसली पाहिजे, याची ती तजवीज होती. दादरला मिशनच्या धर्मशाळेत कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातलग आजही उतरतात.

१९५६ हे साल आपल्या भागासाठी उलथापालथीचे होते. १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. किनवट नांदेडला जोडले गेले, उटनूर आंध्र प्रदेशात राहिले. त्याच महिन्यात बाबांचे मुंबईत वांद्र्याला अखेरचे कीर्तन झाले. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले, त्याचे दुःख बाबांना फार झाले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे, प्रवासातच त्यांनी देह ठेवला. अंत्यसंस्कार अमरावतीत झाले. तो परिसर आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो. अमरावतीच्या विद्यापीठालाही आता त्यांचे नाव आहे.

मंडळींनो, उद्या आपल्याकडे कुणी थकल्याभागल्यांसाठी घर काढायचे ठरवले तर इमारतीचा नकाशा कुणीही काढून देईल. त्याआधी बाबांकडून काही गोष्टी समजून घ्याव्या लागतील. हिशेब सगळ्यांना दिसावा. चालवणाऱ्याच्या नातलगांना वेगळे पान नसावे. राहायला आलेल्या आजोबांना जमेल ते काम आणि मान मिळावा. दाराशी आलेल्याची जात, भाषा, धर्म विचारू नये. आणि ज्यांनी घर उभे केले त्यांनी ते वेळेवर दुसऱ्यांच्या हाती द्यावे.

घर उभे राहील तेव्हा राहील. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आपण मंडपाची जागा झाडतो. त्यानंतर चार जणांनी आपल्या गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी जावे, मराठी असोत की नसोत, औषध-पाण्याची चौकशी करावी, अंगण झाडून द्यावे. बाबांनी गावात शिरल्यावर हेच आधी केले असते.